बोटभर घसरतो, मग धरतो

तिला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा ती त्याच्या खिडकीबाहेर लटकत होती. अगदी शब्दशः. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, केसांत पानं आणि पाय हवेत. पहिल्या मजल्यावरच्या त्या उघड्या खिडकीत एक माणूस शिलाई मशीनचं पोट उघडून त्यात डोकं खुपसून बसला होता. त्याने मान वर केली मात्र, हातातला स्क्रू टण्णकन फरशीवर पडला.

"अहो, दात घासायचा ब्रश आहे का?" तिने विचारलं.

"आत्ता?"

"आत्ताच."

"म्हणजे… इथे?"

"नाही हो, घरी जाऊन घासते ना दात! माझं यंत्र अडकलंय. चीक भरलाय त्यात. जुना ब्रश असला तरी चालेल."

बिचारा उठला तो खुर्चीला अडखळतच आत पळाला.

तिच्याकडची खरी मदत, म्हणजे तिचा मामा, नेमका तेव्हाच फांद्या न्यायची गाडी वळवून आणायला गेला होता. इमारतीशेजारचं ते रबराचं झाड पसरत पसरत विजेच्या तारांना टेकलं होतं, म्हणून ते छाटायचं काम या मामा-भाचीने घेतलं होतं. फांदी कापली की त्या झाडातून पांढरा चीक गळायचा. सकाळभर तो गळत राहिला, आणि त्यातला थोडा थेट खेकड्याच्या पोटात गेला.

खेकडा म्हणजे तिचं यंत्र. नाव मामाने ठेवलेलं. वरच्या दणकट फांदीवरून दोर घ्यायचा आणि तो या यंत्रातून ओवायचा. वीतभर लांबीचं, एकाखाली एक कड्या जोडलेलं ते एक धातूचं प्रकरण. तुम्ही पट्ट्यात बसलात की तुमच्या वजनाने कड्या तिरक्या होतात आणि दोराला चिमटीत धरतात. वरचा दांडा दाबला की त्या सैल पडतात आणि तुम्ही अलगद खाली येता. आता मात्र कड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आणि दांडा दाबून दाबून तिचा अंगठा दुखायला लागला होता. धोका काही नव्हता, दुसरा आखूड दोर बुंध्याला वेढून घेतलेला होता. पण परक्या माणसाच्या खिडकीत असं अधांतरी राहायचं म्हणजे लाजच की!

तो आला. एका हातात ब्रश, दुसऱ्यात पाण्याचा मग. "साबणाचं पाणी आहे, कोमट. रॉकेल आणू का? चीक चटकन निघेल."

"रॉकेल नको, दोराची वाट लागेल. हेच द्या."

तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकून पाण्याचा मग धरून उभा राहिला, आणि ती ब्रश बुडवून एकेक कडी घासत बसली.

"जरा हलू नका ना," ती म्हणाली.

"मी हलत नाहीये. तुम्ही हलताय."

ती खरंच हलत होती. तिला हसू आलं, आणि हसल्यामुळे ती आणखीच झुलायला लागली. शेवटी त्याने एका हाताने तिचा दोर धरला… नुसता दोर, तिला बोटही न लावता. तिच्या ते लक्षात राहिलं.

दांडा दबला. खेकडा सुटला. "थँक्यू हं!" म्हणत ती खाली सरकली.

"अहो, माझा ब्रश!"

"जुनाच होता ना?"

"नाही…" वरून ओशाळलेला आवाज आला. "कालच आणला होता."

दुसऱ्या दिवशी ती नवा ब्रश द्यायला निघाली. मामाने आरशासमोर उभ्या भाचीकडे एकदा पाहिलं आणि पेपरमागे तोंड लपवलं. "एका ब्रशासाठी एवढी वेणीफणी, खारू?"

"मामा, गप रे."

लहानपणापासून ती झाडावरच असायची म्हणून मामाने तिला खारू म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव कायमचंच चिकटलं. आई-वडील गेल्यावर मामानेच तिला वाढवलं आणि दोर बांधायला शिकवलं. पुढे त्याचा गुडघा गेला तेव्हा ती वर जायला लागली आणि मामा खाली उभा राहायला लागला. घरात दोघंच. त्यामुळे चिडवायला मामाला दुसरं कुणी मिळायचंच नाही.

ब्रशवाल्याचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला ओळीने उभी असलेली काळी मशीन, खिळ्यांना अडकवलेले चामडी पट्टे, डब्यांत बॉबिनी, आणि सगळीकडे मशीनच्या पातळ तेलाचा गोडसर वास. शिंप्यांची आणि कपड्यांच्या कारखान्यांची मशीन तो दुरुस्त करायचा. हाताने चाक फिरवून कान लावायचा, आणि कुठे काय दुखतंय ते सांगायचा. काम झालं की लांब नळीच्या कुपीतून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडायचा.

"थेंब दिल्याशिवाय माझ्या हातून काही बाहेर जात नाही," तो म्हणाला. "सवय आहे."

"म्हणजे मशीनला तीर्थ देऊन वाटेला लावता."

तो मोकळेपणाने हसला, आणि ती उगाचच सुयांच्या पेटीकडे बघायला लागली. मग त्याने विचारलं, "तुमचं ते यंत्र… ते कसं धरतं हो? मी काल रात्री त्याचाच विचार करत होतो."

यंत्राचा की माझा, हे काही तिने विचारलं नाही. खाली जाऊन ती गाडीतून खेकडा आणि दोर घेऊन आली.

जड मशीन उचलायला छताला एक भक्कम आकडा होता. त्यावरून तिने दोर घेतला आणि आपला पट्टा त्याच्या कमरेला चढवला. पट्टा आवळताना दोघंही फार गंभीर चेहरे करून दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होती.

"आता म्हणायचं, भार टाकतो."

"कुणाला म्हणायचं?"

"खाली जो उभा असेल त्याला. हा आमचा नियम आहे. झाडावर जायच्या आधी जमिनीलगतच पूर्ण वजन टाकून बघायचं. वर जाणारा म्हणतो, भार टाकतो. खालचा माणूस पट्टा, त्याला यंत्र अडकवायची कडी, दोर, सगळं नजरेखालून घालतो आणि मग म्हणतो, टाक. तो म्हणत नाही तोवर पाय उचलायचे नाहीत."

"आणि तो म्हणालाच नाही तर?"

"तर त्या दिवशी झाड राहिलं."

त्याने एक श्वास घेतला. "भार टाकतो."

तिने सगळं निरखून पाहिलं. "टाका."

तो बसला. दोर सुळसुळत सरकायला लागला, तसे त्याचे डोळे मोठे झाले. "अहो, घसरतंय हे!"

"पाय उचला."

"उचललेत की!"

"अंगठे टेकलेत. मला दिसतायत." ती हसत गुडघ्यांवर बसली. "अर्धं वजन जमिनीवर आणि अर्धं त्याच्यावर ठेवलं तर हा धरत नाही. त्याला कळतच नाही, धरायचं का सोडायचं. उचला… दोन्ही."

त्याने डोळे मिटून पाय उचलले. खेकडा एवढासा घसरला, त्याच्या तोंडून "आई गं!" निघालं, आणि मग कड्यांनी दोर घट्ट पकडला. तो खोलीच्या मध्यभागी हळूहळू गोल फिरायला लागला.

"बोटभर घसरतो, मग धरतो," ती म्हणाली. "असाच आहे तो. तेवढं घसरला म्हणून घाबरायचं नसतं."

गोल फिरता फिरता तो तिच्यासमोर आला. "तुम्ही रोज असा पूर्ण भार टाकता?"

"रोज."

"माणसांवरसुद्धा?"

हा प्रश्न त्याने सहजच विचारला होता. पण तिच्या हातातला दोर जरासा थबकला. "यंत्र तपासता येतं हो," ती म्हणाली. "माणसं कुठे तपासून मिळतात?" आणि त्याला खाली घेऊन तिने पट्टा सोडायला घेतला.

त्यामागे एक गोष्ट होती, ती तिने त्याला सांगितली नाही. एकदा तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता, हसरा होता, तिला झाडावर बघून कौतुकाने फोटो काढायचा. आणि मग एके दिवशी, जणू पडद्याचा रंग ठरवतोय अशा सुरात, तो म्हणाला होता, "लग्नानंतर मात्र वर जायचं नाही हं. माझा जीव टांगणीला लागतो." त्याचा जीव टांगणीला लागू नये म्हणून तिने आपला जीव कायमचा खाली उतरवायचा! तिने लग्न मोडलं. रडली, पण मोडलं. तेव्हापासून कुणाजवळही ती अंगठे टेकूनच असायची. हसायची, बोलायची, आणि वेळ आली की उठून जायची.

या माणसाकडे मात्र ती जातच राहिली. कधी कामावरून येताना, कधी मुद्दाम लांबच्या रस्त्याने. तो चहा करायचा, आणि ती खिडकीत बसून दिवसभराची झाडं सांगायची. कुठलं आतून पोकळ निघालं, कुठल्यावर पिल्लं होती म्हणून काम थांबवलं. तो ऐकताना मान खाली घालून काहीतरी घासत बसायचा, पण ती थांबली की लगेच "मग?" म्हणायचा. त्या एका "मग?"साठी ती दिवसभर वर बसून गोष्टी गोळा करायला लागली होती. पण तुम्हीचं तू काही होत नव्हतं. दोघंही एकमेकांना इतकं अहो-जाहो करायची की मामा म्हणायचा, "तुमचं बोलणं ऐकलं की मला बँकेत आल्यासारखं वाटतं."

एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "खेकड्याच्या वरच्या दांड्याची स्प्रिंग हल्ली आळसावलीये. आत धूळ असेल. माझा ब्रश तिथवर पोचत नाही."

"ठेवून जा. उद्या सुट्टी आहे ना तुमची? मी बारीक ब्रशने साफ करून ठेवतो."

तिने खेकडा आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. मामासुद्धा विचारून घ्यायचा. क्षणभर ती घुटमळली… आणि तिने तो त्याच्या टेबलावर ठेवला. जिना उतरताना तिला एकदम हलकं हलकं वाटत होतं. आपण काहीतरी मोठं केलंय, हे तिचं तिलाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी खेकडा परत मिळाला तो आरशासारखा चकचकीत होऊन. दांडा नुसता बोट लावलं तरी हलत होता. "बघा!" तो म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की खेकड्याऐवजी ती त्या चेहऱ्याकडेच बघत राहिली. घरी आल्यावर ती नेहमी प्रत्येक कडी बोटाने चाचपून बघायची. त्या दिवशी नाही बघितली.

सकाळी एका मैदानाच्या कडेच्या झाडाखाली ती पट्टा चढवून उभी राहिली. "मामा, भार टाकते."

मामाने पट्टा पाहिला, पट्ट्याची कडी पाहिली, दोर पाहिला. "टाक."

तिने पाय उचलले. खेकडा बोटभर घसरला… आणखी बोटभर… आणि त्याने धरलंच नाही! सर्रकन दोर सुटला आणि ती धप्पकन मातीत बसली.

वीतभरच तर उंची. लागलं काहीच नाही. पण मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने वाकून खेकडा उचलला, नाकाशी नेला आणि तिच्याकडे पाहिलं. "तेल," तो म्हणाला. "शिलाई मशीनचं तेल."

तिने दोरावरून हात फिरवला. बोटं बुळबुळीत झाली. जिथे दोर घासून जातो, जिथे तेलाचा अंशही चालत नाही, नेमक्या त्याच जागी, प्रत्येक कडीवर, प्रेमाने एकेक थेंब सोडलेला होता.

ती तशीच मातीने भरलेल्या कपड्यांनी त्याचा जिना चढली. त्याने तिला पाहिलं आणि हसत उठायला लागला.

"तू काय केलंस हे?" तिने खेकडा टेबलावर आपटला. "तेल घातलंस? दोराच्या जागी तेल? अरे, मी खाली आपटले!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "किती… किती उंचावरून?"

"वीतभर. नशीब माझं. नाही, नशीब नाही, नियम म्हणून!"

तो मटकन खुर्चीत बसला. "रॉकेल नको म्हणाला होतात तुम्ही. तेलाचं काही… मला वाटलं… माझ्या हाताला सवयच आहे हो ती." मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या हातांमागून बोलला, "तुम्ही वर जाऊच नका. सोडून द्या हे काम. मला नाही सहन होणार."

खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

तेलाचं तिने माफ केलं असतं. इथे येताना जिन्यातच निम्मं माफ केलं होतं. पण हे वाक्य… शब्द जरा वेगळे, पण वाक्य तेच. तिने खेकडा उचलला. "तूही त्याच रांगेतला निघालास," ती म्हणाली.

"कुठल्या रांगेतला?"

ती वळून दाराबाहेर पडली. जिना उतरताना या वेळी पाय शिशाचे झाले होते.

मामाने खेकडा साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला, सावलीत वाळवला आणि तपासायला तो बनवणाऱ्या कारखान्याकडे पाठवून दिला. दोर बाद केला. "मनात शंका असलेल्या यंत्रावर मी टाक म्हणणार नाही," तो म्हणाला. मधल्या काळात ती जुन्या पद्धतीने, दोराच्या गाठीवर चढायला लागली. गाठ इमानी असते, पण हट्टी. वर सरकवायला दोन्ही हात लागतात, उतरताना तापते, आवळली की सोडवता सोडवता नखं निघतात. तिचे तळवे सोलून निघाले.

आणि तिला त्याची आठवण येत होती. उगीच आडपडदा कशाला, खूप येत होती. एखाद्या ढोलीतून घुबडाचं पिल्लू डोकं बाहेर काढायचं आणि हे कुणाला सांगू असं होऊन जायचं. मामाला सांगितलं तर मामा म्हणायचा, "अरे वा." मामा "मग?" म्हणत नाही.

वर बसलं की माणूस विचार करतो, करायला दुसरं असतं काय? एका संध्याकाळी फांदीला टेकून बसलेली असताना तिच्या मनात आलं, की खेकड्याला काय चालतं आणि काय नाही यातलं आपण त्याला काय सांगितलं होतं? रॉकेल नको, एवढंच. तेल नको हे आपल्याला इतकं ठाऊक होतं, की ते सांगावं लागतं हेच आपण विसरलो. समोर तो रोज मशीनला थेंब देत होता आणि आपण तीर्थ म्हणून थट्टा करत होतो. आणि ते दुसरं वाक्य? आपल्याला कुठल्या वाक्याने जखम होते, हे तरी कधी सांगितलं? त्याने आपल्याला विचारलं होतं, माणसांवर भार टाकता का. आपण विषय टाळून पट्टा सोडला होता. अंगठे टेकलेलेच होते की आपले… मग तो कसा धरणार?

तिला वाटलं, आत्ता उठावं आणि जावं. पण गाठ आवळली होती, ती सोडवेपर्यंत अंधारून आलं, आणि मग धीर झाला नाही.

खेकडा तपासून आला. कड्या शाबूत, सांधे ठीक, स्प्रिंग नवी. मामाने तो नव्या दोरावर चढवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून गुडघा चोळायला लागला. "आज काही जमायचं नाही बघ. वाचनालयाच्या अंगणातलं झाड आहे ना? वाळकी फांदी बाकाच्या बरोबर वर आलीये, आजच काढायला हवी. मी खाली उभा राहायला माणूस दिलाय."

"कोण माणूस?"

"आहे एक. मीच तयार केलाय."

"कधी?"

"तू गाठीशी भांडत होतीस तेव्हा." मामा गुडघ्याकडेच बघत बोलत होता. "येऊन बसला माझ्यासमोर. मी म्हटलं, माफी मागायची तर तिच्याकडे माग. तो म्हणाला, मागेनच. पण आधी मला शिकवा. वर जायला नको, खाली उभं राहायला शिकवा."

तिने खेकडा उचलला.

वाचनालयाच्या अंगणात तो उभा होता. मामाचं हेल्मेट त्याला मोठं होत होतं, सारखं कपाळावर येत होतं. दोर नीट वेटोळं करून ठेवलेला, बाकं बाजूला सरकवलेली, फाटकाला आडवी पट्टी. तिला पाहून त्याने हेल्मेट वर सारलं. ते परत खाली आलं.

"आज दुकान?" तिने विचारलं.

"बंद ठेवलंय." त्याने घसा खाकरला. "तेलाबद्दल… माझं चुकलं. विचारायला हवं होतं. माझी सवय मी तुमच्या यंत्राला लावली."

"मी सांगायला हवं होतं."

"आणि ते दुसरं. वर जाऊ नका म्हणालो ते." त्याने श्वास घेतला. "मामा म्हणाले, याआधी कुणीतरी तसंच बोललं होतं. मला माहीत नव्हतं. पण माहीत नसलं तरी मी ते बोलायला नको होतं. मला भीती वाटते. आजही वाटतेय, ती काही जायची नाही. पण ती माझी आहे. मी ती माझ्याजवळ ठेवीन. तुमच्या दोराला नाही बांधणार."

तिने खाली वाकून पट्टा चढवला, दोर ओवला, कडी लावली. मग सरळ उभी राहिली. "भार टाकते."

तो पुढे आला. पट्ट्याचं बक्कल पाहिलं. पट्ट्याच्या कडीचा स्क्रू फिरवून पाहिला. खेकड्याची प्रत्येक कडी बोटाने चाचपली, आणि ते बोट नाकाशी नेऊन वास घेतला. तिला हसू आवरेना, पण तो हसला नाही. दोर वर कुठवर गेलाय ते मान मागे टाकून पाहिलं, नजर खाली आणली, पुन्हा बक्कल पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. तो "टाक" म्हणाला नसता तर त्या दिवशी झाड राहिलं असतं, आणि फक्त झाडच राहिलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"टाक," तो म्हणाला.

तिने पाय उचलले. खेकडा बोटभर घसरला, मग त्याने धरलं.

ती वर गेली. पानांतून ऊन गळत होतं, सालीचा कोरडा वास येत होता, आणि किती दिवसांनी हात दुखत नव्हते. वरून तिने हाक दिली, "फांदी येते!" खालून लगेच आवाज आला, "मोकळं!" फांदी पडली, तिने खाली पाहिलं. तो जिथे उभं राहायला हवं तिथेच उभा होता, हेल्मेट एका हाताने धरून, मान मागे टाकून, तिच्यावरची नजर न हलवता. ती जितका वेळ वर होती तितका वेळ तो तसाच उभा होता. तिने एकदा मुद्दाम थोडं जास्त वर जाऊन पाहिलं. त्याने एका हाताची मूठ आवळली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

आजवर ती वर असताना लोक म्हणायचे, सांभाळ, जपून, पुरे आता. हा काहीच म्हणत नव्हता. नुसता उभा होता. तिला वरच्या वर रडू आलं, आणि बरं झालं वरच आलं, कारण खाली कुणाला दिसलं नाही.

दांडा दाबून ती अलगद उतरली. पाय जमिनीला लागले. तिने कडी सोडली, पट्टा सोडला, हेल्मेट काढून बाकावर ठेवलं.

"मान अवघडली असेल," ती म्हणाली.

"मोडलीये बहुतेक. पण एक विचारू? त्या दिवशी तुम्ही रागात मला तू म्हणालात."

"म्हणाले."

"आणि मघाशी तर मीही टाक म्हणालो. टाका म्हणायला हवं होतं का?"

"नाही." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोर नव्हता, खेकडा नव्हता, दुसरा आखूड दोरही नव्हता. "भार टाकते," ती म्हणाली.

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्याने तिला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं. "अरे, बोल की काहीतरी!"

"तपासतोय," तो म्हणाला. त्याने तिच्या केसांतलं पान काढलं, सोललेला तळवा उलटा करून पाहिला, आणि तो तसाच हातात ठेवला. "टाक. पण हे बघ, तुझे अंगठे टेकलेत."

मग तिने त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि दोन्ही पाय उचलले.

तो एक पाऊल मागे सरकला, हेल्मेट डोळ्यांवर आलं, तोंडातून "आई गं!" निघालं.

मग त्याने घट्ट धरलं.

फाटकापाशी कुणीतरी मोठ्याने खोकलं. दुखऱ्या गुडघ्याचा मामा आडवी पट्टी उचलून आरामात चालत आत येत होता.